हंटर, जंजीर आणि वर्दी

सुपरहिरोंच्या चित्रपटांना लोक कंटाळले, अशी ओरड आता हॉलिवूडमध्येच सुरू झाली आहे. २०१९ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ने जगभर विक्रमी गल्ला जमवला होता. चारच वर्षांनी आलेला ‘द मार्व्हल्स’ त्या मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा चित्रपट ठरला. आमच्या वसई-विरारच्या मल्टिप्लेक्समध्येही आता अशा चित्रपटांना पूर्वीसारखी झुंबड नसते. शाळेतली पोरंही सांगतात, ‘सर, तेच तेच असतं हो.’

पण याच पोरांसमोर ‘सिंघम’चा विषय काढून बघा. कुणाची ‘सटकली’ आणि कुणाला कुठे फोडलं, सगळं तोंडपाठ असतं. म्हणजे कंटाळा आला तो पाठीवर लाल कापड बांधून उडणाऱ्या माणसाचा. कोर्टकचेरी बाजूला सारून जागच्या जागी निकाल लावणाऱ्या माणसाचा कंटाळा कुणालाच आलेला नाही. हा माणूस आपल्याकडे आला कुठून आणि नव्वद वर्षांत त्याचं काय झालं, हे तपासून पाहायला हवं. विषय करमणुकीचा वाटेल, पण त्याचा शेवट करमणुकीत होत नाही.

मुखवट्याआडची शहजादी

अमेरिकेत सुपरमॅन १९३८ साली आला आणि बॅटमॅन १९३९ साली. त्याच्या आधीच, १९३५ मध्ये, मुंबईच्या परळमध्ये एक मुखवटाधारी वीर घोड्यावर बसून तयार होता, आणि तो पुरुष नव्हता. वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ हा तो चित्रपट. दिग्दर्शक होमी वाडिया आणि नायिका मेरी इव्हान्स, म्हणजे आपली ‘फिअरलेस नादिया’. कथा साधी होती. दुष्ट वजीर राजाला कैद करतो आणि सत्ता बळकावतो. मग राजकन्या माधुरी तोंडावर मुखवटा चढवते, हातात हंटर घेते आणि जुलमी लोकांना फोडून काढते.

या कल्पनेवर हॉलिवूडच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ची (१९२०) छाप होती. होमीचे थोरले बंधू जे. बी. एच. वाडिया हे डग्लस फेअरबँक्सचे चाहते होते. पण हा मुखवटा मुंबईत उतरला तेव्हा त्याला इथला अर्थ मिळाला. राज्य इंग्रजांचं होतं आणि सेन्सॉरची कात्री धारदार होती. परक्या सत्तेविरुद्ध उघड बोलता येत नव्हतं. मग ‘गादी बळकावणारा वजीर’ पडद्यावर आला की पिटातला प्रेक्षक काय समजायचं ते समजून शिट्ट्या मारायचा. हा चित्रपट पंचवीसहून अधिक आठवडे चालला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हंटरवालीचा हंटर खालून वर चालत होता. ज्याच्या हाती फौज, तुरुंग आणि फाशी आहे, त्याच्या पाठीवर तो पडत होता. आणि मुखवटा का? तर पकडलं गेल्यास जीव जाण्याची भीती होती म्हणून.

साखळीची गोष्ट

त्याच दशकात मुंबईतच न्यायाची दुसरी एक गोष्ट लोकप्रिय झाली. १९३९ मध्ये सोहराब मोदींनी मिनर्व्हा मूव्हीटोनतर्फे ‘पुकार’ काढला. लेखन कमाल अमरोहींचं होतं. विषय होता बादशहा जहांगीरचा इन्साफ.

गादीवर आल्यावर आपला पहिला हुकूम न्यायाची साखळी टांगण्याचा होता, असं जहांगीरने स्वतःच्या आठवणींत, म्हणजे ‘तुझुक’मध्ये, लिहून ठेवलं आहे. तीस गज लांब, सोन्याची आणि साठ घंटा लावलेली ही साखळी. तिचं एक टोक आग्र्याच्या किल्ल्याला आणि दुसरं यमुनेच्या काठावरच्या दगडी खांबाला बांधलेलं. अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही तर मज़लूम माणसाने ती ओढावी आणि आवाज थेट बादशहापर्यंत पोचावा, अशी ती कल्पना. फारसी-उर्दूत हिचं नाव ‘ज़ंजीर-ए-अद्ल’.

‘पुकार’मध्ये ही साखळी एक धोबीण ओढते. शिकार करताना मलिका नूरजहाँच्या बाणाने तिचा नवरा मेलेला असतो. आता बादशहाच्या बेगमवरच खुनाचा आरोप येतो. बेगम म्हणून तिला सूट द्यायला जहांगीर तयार नाही. ‘माझ्या बायकोने तुझा नवरा मारला, तर तू तिचा नवरा मार,’ असा तोडगा काढून तो स्वतःच धोबिणीसमोर उभा राहतो. ती त्याला माफ करते.

इतिहास म्हणून यात किती आणि कल्पना किती, हा वाद बाजूला ठेवू. प्रेक्षकाच्या मनात या गोष्टीने काय पेरलं, ते महत्त्वाचं आहे. कायदा तेव्हाच कायदा, जेव्हा तो राणीलाही लागू होतो. तक्रार करणारा सर्वांत गरीब आहे, आरोपी सर्वांत ताकदवान आहे आणि तरीही सुनावणी होते. हंटर आणि जंजीर, अशा न्यायाच्या दोन कल्पना एकाच शहरात, चार वर्षांच्या अंतराने पडद्यावर आल्या.

काळा पहाड आणि कर्नल फरीदी

पुस्तकांच्या दुनियेतही या दोन वाटा दिसतात. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ हे कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे वीर होते. गिरण्यांच्या चाळींपासून कोकणातल्या वाचनालयांपर्यंत या पुस्तकांची पारायणं झाली.

उर्दू वाचणाऱ्या घरांत तेव्हा इब्ने सफी होते. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. त्यांचा कर्नल फरीदी अफाट हुशार आहे, धाडसी आहे, पण गुन्हेगाराला तो कायद्याच्या हवाली करतो. वाचकाच्या मनात कायद्याबद्दल आदर निर्माण करणं हा आपला हेतू असल्याचं इब्ने सफी वारंवार सांगत. फाळणीच्या रक्तपातानंतरचा हा काळ होता. जमावाने आपापला ‘न्याय’ केला की काय होतं, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं. कायद्याबद्दलचा फरीदीचा हा हट्ट म्हणूनच मला निव्वळ पोलिसी शिस्त वाटत नाही.

मुखवटा उतरला

११ मे १९७३ रोजी प्रकाश मेहरांचा ‘जंजीर’ प्रदर्शित झाला. पटकथा सलीम-जावेद यांची. इन्स्पेक्टर विजय प्रामाणिक आहे, म्हणून त्याला लाचखोरीच्या खोट्या प्रकरणात अडकवून तुरुंगात टाकतात. बाहेर आल्यावर तो वर्दीशिवाय तेजाशी हिशेब करतो. सोबतीला शेरखान पठाण आहे. दुष्काळ, महागाई, संप आणि बेकारीच्या त्या दिवसांत लोकांना हा राग आपला वाटला.

यात दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. पहिली, विजय कायदा मोडतो तेव्हा त्याच्या अंगावर वर्दी नसते. व्यवस्थेने त्याला बाहेर फेकलेलं असतं. दुसरी, त्याचा सर्वांत भरवशाचा मित्र मुसलमान आहे. त्या दोस्तीचं कुणाला नवल वाटलं नाही.

दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर मनातल्या कोंडमाऱ्यात एका भुरट्या चोराला कोठडीत मारतो. चोर मरतो. आता वेलणकरला वाचवू शकतो तो फक्त रामा शेट्टी, ज्याच्याविरुद्ध तो आजवर लढला. वेलणकर रामा शेट्टीला ठार करतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. कोठडीतला मृत्यू हा या चित्रपटात गुन्हाच आहे. त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. मारलेल्या चोराचं ओझं नायकाच्या छातीवर शेवटपर्यंत राहतं.

आता ‘सिंघम’ (२०११) पाहा. शेवटी गोव्याचं अख्खं पोलीस दल, वरिष्ठांसह, मिळून एका पुढाऱ्याला संपवतं आणि त्याला कायदेशीर रूप देतं. ‘सिंबा’मध्ये (२०१८) पोलीस ठाण्यातच बनावट चकमक घडवली जाते आणि सगळी पात्रं त्याला संमती देतात. ‘सूर्यवंशी’त (२०२१) खलनायक म्हणून दहशतवादी मुसलमान आहेत आणि चांगल्या मुसलमानाला आपलं चांगलं असणं सिद्ध करावं लागतं. शेरखानपासून इथवरचा हा प्रवास आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सिंघम’सारख्या चित्रपटांतून जाणारा संदेश घातक असल्याचं जाहीर भाषणात सांगितलं होतं. न्यायालयं म्हणजे अडथळा आणि पोलीस एकटेच न्याय करतात, हा तो संदेश.

मुखवट्याची आता गरजच उरलेली नाही, कारण पकडणाराच हंटर चालवतो आहे. १९३५ चा हंटर वजिराच्या पाठीवर पडत होता. आज तो वजिराच्याच हातात आहे आणि आपण शिट्ट्या मारतो आहोत.

पडद्याबाहेरची मुंबई

हे फक्त पडद्यावर घडलं असतं तर लेख लिहायचं कारण नव्हतं. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मेला. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी लोखंडवाला संकुलात माया डोळस आणि त्याचे साथीदार मारले गेले. दोन्हींवर पुढे चित्रपट निघाले. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेल्याचा विषय पीयूसीएल या संघटनेने न्यायालयात नेला. ‘चकमकफेम’ ही पदवी याच काळात वर्तमानपत्रांनी रूढ केली. अधिकाऱ्यांच्या नावापुढे क्रिकेटच्या धावांसारखे आकडे छापले जात. २००४ मध्ये आलेल्या ‘अब तक छप्पन’चं नावच मुळी अशा आकड्यावर बेतलेलं होतं.

याच धाग्याचं एक टोक आमच्या दारापर्यंत आलं. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत नालासोपारा मतदारसंघातून शिवसेनेने प्रदीप शर्मांना उमेदवारी दिली. शंभराहून अधिक चकमकींशी ज्यांचं नाव जोडलं जातं, तेच हे माजी पोलीस अधिकारी. आमच्याकडे पाण्याची बोंब, लोकलची गर्दी, अनधिकृत इमारती हे जुने प्रश्न. पण त्या निवडणुकीत चर्चा झाली ती गुंडगिरी मोडून काढणाऱ्या ‘सिंघम’ची. बहुजन विकास आघाडीचे क्षितिज ठाकूर सुमारे ४३ हजार मतांनी निवडून आले. तरीही शर्मांना एक लाखाहून अधिक मतं पडली.

तेव्हा शर्मा एका खटल्यातून निर्दोष सुटलेले होते आणि त्या निकालाविरुद्धचं अपील उच्च न्यायालयात पडून होतं. तो खटला लखनभैया प्रकरणाचा. ११ नोव्हेंबर २००६ रोजी दुपारी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा एक मित्र यांना वाशीतून उचलण्यात आलं. संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ ‘चकमकीत’ लखनभैया मेला, असं पोलिसांनी जाहीर केलं. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच त्याने त्याच दुपारी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. माणूस जिवंत असतानाची वेळ कागदावर नोंदली गेली होती.

त्या कागदांच्या आधाराने तो सतरा वर्षं लढला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यांत १३ पोलीस होते. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने शर्मांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप सुनावली. शर्मांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे. मधल्या काळात, मार्च २०११ मध्ये, लखनभैयासोबत उचलला गेलेला तो मित्र, म्हणजे मुख्य साक्षीदार, साक्षीला काही दिवस उरले असताना बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या मनोर परिसरात सापडला. त्याचे मारेकरी आजवर सापडले नाहीत, याबद्दल उच्च न्यायालयानेही निकालात खंत व्यक्त केली.

लखनभैयावर गुन्हे होते, हे खरं. पण कायद्याची खरी परीक्षा सज्जनाच्या बाबतीत होतच नसते.

परभणीची आई

आणि गुन्हा शाबित झालेलाच नसेल तर? परभणीचा ख्वाजा युनूस सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर होता, दुबईत नोकरीला. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की, तपासासाठी औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही कथा खोटी ठरली. त्याला कोठडीत भयंकर मारहाण झाल्याचं सहआरोपीने न्यायालयात सांगितलं. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. त्या खटल्यातले इतर आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसही सुटला असता, पण सुटायला तो जिवंत नव्हता.

त्याची आई आसिया बेगम वर्षानुवर्षं परभणी ते मुंबई खेटे घालत राहिल्या. चौदा पोलिसांवर ठपका असताना शासनाने खटल्याची परवानगी चौघांपुरतीच दिली. जून २०२० मध्ये ते निलंबित पोलीस पुन्हा सेवेत घेतले गेले. त्यांत सचिन वाझे होते. पुढच्याच वर्षी अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात त्यांना अटक झाली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. आसिया बेगमना त्यात धक्का बसण्यासारखं काय असणार होतं?

आपल्या मोहल्ल्यांतली पोरंही ‘सिंघम’ला टाळ्या वाजवतात, म्हणून हे सांगतो आहे. चित्रपटात खलनायक कोण, हे आपल्याला पहिल्या रिळातच कळलेलं असतं. त्याने पाप करताना आपण पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते कुणीच पाहिलेलं नसतं. खलनायक कोण, हे ठरवायलाच तर कोर्ट असतं. कोर्ट गाळलं की ठरवण्याचा अधिकार बंदूकवाल्याकडे जातो आणि त्याच्या यादीत कुणाचं नाव लवकर चढतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

अवघड प्रश्न

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादवला ठार केलं. त्याने वर्षानुवर्षं त्या वस्तीवर अत्याचार केले होते. तक्रारी करूनही पोलिसांनी दाद दिली नाही. त्या बायकांनी काय करायचं होतं?

त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांनी मुखवटा घातला नव्हता. ‘आम्हा सगळ्यांना अटक करा’ म्हणत त्या उघडपणे पुढे आल्या होत्या. आणि त्यांच्या हातून जे घडलं ते साखळी ओढून ओढून तुटल्यानंतर. ती घटना विजयाची म्हणून साजरी करण्यापेक्षा पोलिसांच्या नालायकीचा पुरावा म्हणून वाचली पाहिजे. ज्या पोलिसांनी त्यांची तक्रार ऐकली नाही, त्यांनाच गोळी घालण्याचा परवाना द्या, असं त्या घटनेतून कसं निघतं?

शिवाय जमावाचा हात नेहमी अक्कू यादववरच पडत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळ्याच्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्या पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेला बळी पडले, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. त्या घटनेला हिंदू-मुस्लिम रंग देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नसल्याचं सांगावं लागलं. डवरी गोसावी असो, साधू असो वा परभणीचा इंजिनिअर, सुनावणीशिवाय मरणाऱ्याला ‘मी तो नव्हेच’ एवढं सांगायचीही सवड मिळत नाही.

तारेचा कागद

पीयूसीएलच्या त्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला आणि पोलीस चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूच्या तपासासाठी सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या चिमुरड्यांवरील अत्याचार प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे तळोजा तुरुंगातून नेताना पोलिसांच्या गोळीने मेला. गुन्हा अंगावर काटा आणणारा होता आणि लोकांचा संताप रास्त होता. पण मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले, त्यांवर राज्याच्या गृहमंत्र्यांच्या हाती बंदूक होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

त्या फलकांच्या गर्दीत त्या दोन मुलींच्या शाळेचं काय झालं, तक्रार नोंदवायला उशीर का झाला, हे प्रश्न मागे पडले. झटपट न्यायाचा हा सर्वांत मोठा फायदा असतो आणि तो नेहमी वरच्यांना होतो. एक माणूस मरतो आणि अख्खी व्यवस्था सुटते.

कोर्टाला उशीर लागतो, हे खोटं नाही. लखनभैयाच्या भावाला सतरा वर्षं लागली, आसिया बेगमच्या पदरात अजून निकाल पडलेला नाही. म्हणून मागणी करायची तर ती न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरण्याची, साक्षीदारांच्या संरक्षणाची आणि कोठडीतल्या कॅमेऱ्यांची. या मागण्यांवर शिट्ट्या पडत नाहीत, हे खरं. पण नोव्हेंबरच्या त्या दुपारी एका वकिलाने पाठवलेल्या तारा याच आपल्या काळातली ज़ंजीर-ए-अद्ल होत्या. त्यांना ना सोनं होतं, ना साठ घंटा. तरीही त्यांचा आवाज सतरा वर्षांनी का होईना, कोर्टात ऐकू आला.